वैनगंगेकाठून ट्राउटच्या नदीपर्यंत: सहलीचा बेत कसा आखावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही चौघं मित्र पवनी तालुक्यातले, लहानपणापासून वैनगंगेत आणि गावच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, गरी टाकत आलेले. मोबाइलवर परदेशी व्हिडिओ पाहून आता वाहत्या नदीत ट्राउट आणि सालमन हे थंड पाण्यातले मासे धरायची इच्छा झाली आहे. धान कापून-चुरून झाला की डिसेंबरात आठवडाभर मोकळा मिळतो. तर आपल्या भागात हे मासे मिळतील का, नसतील तर जवळात जवळ कुठे जावं, सामान कोणतं घ्यावं, आणि शेततळ्यात ट्राउटचं बीज सोडलं तर जगेल का?

आधी सरळ उत्तरं देतो. ट्राउट विदर्भातल्या कोणत्याही नदीत नाही. सालमन भारतातल्या कोणत्याही नदीत नाही. शेततळ्यात ट्राउट जगणार नाही. ट्राउटसाठी हिमाचलात जाता येतं, आणि भंडाऱ्याहून जाणं वाटतं तेवढं अवघडही नाही. पण डिसेंबरात नाही, कारण त्या वेळी तिथे ट्राउटच्या नद्यांत मासेमारी बंद असते. म्हणून तुमच्या बेतातली खरी अडचण तारखेची आहे. बाकी सगळं जमण्यासारखं आहे.

हे सगळं पाण्याच्या थंडाव्यावर येऊन थांबतं, म्हणून तेवढं नीट सांगतो. ट्राउटला साधारण १० ते १६ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. २० च्या वर गेलं की तो खाणं टाकतो, आणि २५ च्या आसपास त्याचा जीव जातो. याला दुसरी बाजू प्राणवायूची. पाणी जितकं थंड, तितका त्यात प्राणवायू जास्त विरघळतो. १० अंशाच्या पाण्यात लिटरमागे ११ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, तर ३० अंशाच्या पाण्यात साडेसातच. रोहू, कतला, मरळ या आपल्या माशांना ते पुरतं. मरळ तर वर येऊन हवाही घेते. ट्राउटचं तसं नाही, गरम पाण्यात त्याची भूक आणि दम दोन्ही जातात. मी पिशवीत एक छोटा थर्मामीटर ठेवतो. मे महिन्यात गोसेखुर्द धरणाच्या खालच्या उथळ पाण्यात तो दुपारी तिसाच्या वर जातो. पौषातल्या पहाटे वैनगंगा गार लागते हे खरं, पण माशाला बारा महिने काढायचे असतात. शेततळ्याचं पाणी तर साचलेलं आणि नदीपेक्षाही जास्त तापणारं. हिमाचलात शेतकरी ट्राउट पाळतात, पण ओढ्याचं थंड पाणी सिमेंटच्या लांबट हौदांतून रात्रंदिवस खेळतं ठेवून. तुमच्या शेततळ्यात रोहू, कतला, मृगळच सोडा, पैसेही त्यातच आहेत.

सालमनचं कारण आणखी वेगळं आहे. सालमन जन्मतो नदीत, वाढतो समुद्रात, आणि अंडी घालायला वासाच्या खुणेने पुन्हा आपल्याच नदीत वर चढतो. म्हणजे त्याला थंड नदी हवी आणि ती थंड समुद्राला मिळायला हवी. आपली वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, पुढे गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जाते, आणि तो समुद्र उबदार आहे. हिमालयातल्या नद्या थंड असल्या तरी शेवटी त्याही उबदार समुद्रालाच मिळतात. समुद्रातून नदीत चढणारा आपल्याकडचा मासा म्हणजे हिल्सा, गोदावरीच्या काठी ज्याला पुलसा म्हणून मानाने खातात तो. नागपूरच्या बाजारात किंवा हॉटेलात 'इंडियन सालमन' म्हणून जे मिळतं तो समुद्रातला रावस आहे, त्याचा सालमनच्या घराण्याशी संबंध नाही. खरा सालमन येतो तो बहुतेक नॉर्वेसारख्या देशातल्या पिंजऱ्यात वाढवलेला, बर्फात घालून.

कधी खरोखरच सालमनसाठी जायचं ठरलं तर दोन दिशा आहेत. अटलांटिक सालमनसाठी नॉर्वे, स्कॉटलंड, आइसलँड. पॅसिफिकच्या जातींसाठी अलास्का, कॅनडाचा ब्रिटिश कोलंबिया, रशियाचा कामचटका. जून ते सप्टेंबर हा तिकडचा मुख्य काळ. पण अटलांटिक सालमन दिवसेंदिवस कमी होतो आहे. जून २०२४ मध्ये नॉर्वेने ऐन हंगामात ३३ नद्यांतली सालमनची मासेमारी थांबवली होती. तिथे नदीवर उतरण्याआधी आपलं सामान निर्जंतुक करून घ्यावं लागतं, कारण एका नदीतला परजीवी दुसऱ्या नदीत गेला की तिथली सालमनची पिल्लं मरतात. शिवाय नदीत शिरलेला सालमन खाणं जवळजवळ सोडून देतो. गळाला तो भुकेने लागत नाही, चिडून किंवा सवयीने तोंड मारतो. अनुभवी लोकांचेही दिवसच्या दिवस कोरडे जातात. म्हणून माझं स्पष्ट मत: पहिली सहल ट्राउटची करा. नदी वाचायला, हलकी दांडी चालवायला ट्राउट शिकवतो, आणि ते शिक्षण पुढे सालमनलाही उपयोगी पडतं.

आता ट्राउट कुठे. तो मूळचा भारतातला नाही. १९०० साली स्कॉटलंडहून ब्राउन ट्राउटची अंडी काश्मिरात आणून वाढवली गेली, आणि १९०९ च्या सुमारास तिथून हा मासा कुल्लूत आला. रेनबो ट्राउट मूळचा उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा, तो नंतर आला. आज काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड, ईशान्येकडचे डोंगर, आणि दक्षिणेत निलगिरी व मुन्नारच्या उंचावर तो आहे. काश्मीरच्या लिद्दरसारख्या नद्या सुंदरच आहेत, पण तिथे नदीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यासाठी आधी वेगळा परवाना काढावा लागतो. पहिल्यांदा जाणाऱ्या चौघांनी हिमाचलच धरावं असं मला वाटतं. हिमाचलातही ब्यास, सैंज, पब्बर, बरोटची ऊहल या नद्यांचे पर्याय आहेत. मी तुम्हाला कुल्लूकडची तीर्थन नदी सांगेन.

तीर्थन का, तर एक म्हणजे तिच्या मुख्य प्रवाहावर मोठं धरण नाही. पाणी ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या डोंगरांतून थेट येतं, त्यामुळे ते स्वच्छ आणि थंड राहतं. दुसरं म्हणजे नदी लहान आहे. बऱ्याच जागी काठावरून किंवा घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून पलीकडच्या काठापर्यंत गळ पोचतो. वैनगंगेच्या पात्राची सवय असलेल्याला ती आधी ओढ्यासारखी वाटेल, पण शिकायला अशीच नदी हवी. तिसरं, बंजार ते गुशैनी या पट्ट्यात नदीला लागूनच होमस्टे आहेत, नागिनीला सरकारी ट्राउट केंद्र आहे, आणि मासा धरून देणारे-शिकवणारे स्थानिक जाणकार भेटतात. पार्कच्या हद्दीत मात्र गळ टाकायचा नाही. हद्द कुठून सुरू होते ते होमस्टेवाल्याला विचारून घ्या.

तारखांकडे येऊ. हिमाचलात ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंदी असते. ब्राउन ट्राउट याच थंडीत नदीच्या गोट्यांत खड्डे करून अंडी घालतो, म्हणून ती बंदी अगदी योग्य आहे. राहिले मार्च ते ऑक्टोबर. त्यातले जुलै-ऑगस्ट सोडून द्या. पाणी गढूळ, दरडी कोसळलेल्या, आणि जुलै २०२३ मध्ये कुल्लू भागात ब्यासने काय केलं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं आहे. मे-जूनला बर्फ वितळून नदी फुगते. तेव्हा पहाटे पाणी त्यातल्या त्यात उतरलेलं आणि नितळ असतं, ऊन चढलं की वरचं बर्फ पाघळून संध्याकाळपर्यंत पाणी वाढतं आणि दुधाळ होतं. म्हणजे गळ टाकायला सकाळच. त्यात शाळांच्या सुट्ट्यांची गर्दी.

माझ्या मते दोनच वेळा उत्तम. मार्चचा दुसरा पंधरवडा ते एप्रिलचा मध्य ही एक, आणि सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा मध्य ही दुसरी. आपल्या शेतीच्या दिनक्रमात बसवून पाहा. ज्याचा उन्हाळी धान नाही त्याला मार्च मोकळा. ज्याचा भारी, म्हणजे उशिरा पिकणारा, धान आहे त्याला रोवणी-निंदणानंतर आणि कापणीआधी सप्टेंबरअखेर दहा दिवस निघू शकतात, घरी पाण्यावर लक्ष ठेवायला कोणी असलं म्हणजे झालं. हलका धान असेल तर तो ऑक्टोबरातच कापणीला येतो, मग मार्चच धरा. तुमच्यापैकी कोणाचा कोणता धान आहे ते मला माहीत नाही, ते चौघांनी बसून ठरवा. एक सावधगिरी: कुल्लूचा दसरा विजयादशमीला सुरू होऊन आठवडाभर चालतो. त्या दिवसांत बसमध्ये जागा आणि गावात खोली दोन्ही मिळणं कठीण. सहल दसऱ्याच्या आधी आटपा.

दोन्ही हंगामांत पाण्याची वेळ वेगळी असते हेही लक्षात ठेवा. मार्चमध्ये सकाळचं पाणी इतकं गार असतं की मासा तळाशी सुस्त बसून राहतो. पहाटे पाचला उठून नदीवर जाण्याची आपली सवय तिथे कामाची नाही. सकाळी दहा-अकरानंतर ऊन पाण्यावर आलं, किडे उडायला लागले, की तो हलतो. तीन-साडेतीनपर्यंत चांगला वेळ. सप्टेंबरअखेर सकाळ-संध्याकाळ दोन्ही चालतात.

जायचं कसं. कोरबा-अमृतसर छत्तीसगड एक्स्प्रेस गोंदिया, भंडारा रोड, नागपूर करत अंबाल्याला जाते. तुम्हाला भंडारा रोडलाच चढता येईल. अंबाल्याहून बसने चंदीगड, आणि चंदीगडच्या सेक्टर ४३ च्या स्टँडवरून मनालीकडची रात्रीची बस. मनालीला जायचं नाही, औटला उतरायचं. मंडीकडून येताना औटचा लांब बोगदा लागतो. बोगद्यात न शिरता बाहेरूनच लारजी-बंजारचा रस्ता फुटतो. कंडक्टरला आधीच सांगून ठेवा, नाहीतर झोपेत कुल्लू गाठाल. औटहून बंजार तासाभराच्या वाटेवर, तिथून गुशैनी आणखी दहा किलोमीटरच्या आसपास. जायला-यायला धरून चार दिवस जातात, म्हणून आठवड्याची सहल अपुरी पडते. नऊ दिवस काढा. त्यातले चार दिवस गळ टाकायला, एक दिवस पाऊस किंवा बंद रस्त्यासाठी हातचा.

परवाना हिमाचलच्या मत्स्य विभागाचा लागतो, तो माणशी आणि दिवसाच्या हिशेबाने मिळतो. दिवसाला किती मासे ठेवायचे आणि केवढ्या लांबीखालचा मासा सोडायचा हे त्यात बांधून दिलेलं असतं. दर आणि मर्यादा बदलतात, म्हणून मी आकडा देत नाही. परवाना हातात आला की मागची बाजू वाचा. फक्त दांडी आणि दोर चालतो, जाळं नाही. आपल्याकडे गावच्या तळ्यावर मत्स्य सहकारी संस्थेची परवानगी घेतो, तसंच तिथेही. कोणी 'परवाना कशाला, मी आहे ना' म्हणालं तर त्याच्याबरोबर जाऊ नका.

आता मुख्य गोष्ट, नदी वाचणं. याच्यावर मी जास्त लिहितो, कारण सामान कितीही महाग असलं तरी मासा नसलेल्या जागी टाकलं तर उपयोग नाही.

रोहूला आपण एका जागी बसून, पीठ-पेंडीचा चारा टाकून बोलावतो. ट्राउट बोलावल्याने येत नाही. तो आपली जागा धरून बसतो आणि प्रवाहाबरोबर जे वाहत येईल ते टिपतो. त्याला दोन गोष्टी हव्या असतात: कमी जोराचं पाणी, म्हणजे उभं राहायला मेहनत नको, आणि शेजारीच जोराचं पाणी, म्हणजे खाणं वाहत आलं पाहिजे. एसटीच्या फाट्यावर माणूस झाडाच्या सावलीत उभा राहून गाडीवर नजर ठेवतो, तसा तो मोठ्या दगडाच्या आडोशाला उभा राहून धारेवर नजर ठेवतो. तर जागा कुठल्या? मोठ्या दगडाच्या मागचा शांत भाग. दगडाच्या पुढेही एक छोटी उशी असते, तिथे प्रवाह आपटून मंदावतो, ती लोक विसरतात. वेगवान आणि मंद पाणी जिथे एकमेकांना घासून जातं ती रेघ, तिच्यावर फेसाचे बुडबुडे ओळीने जाताना दिसतात. डोहाचं शेपूट, म्हणजे डोह संपून पाणी पुन्हा उथळ व्हायला लागतं ती जागा. काठाखाली पाण्याने कोरलेली पोकळी. आपल्याकडचे ढिवर, म्हणजे पिढीजात मासेमारी करणारे, डोंग्यातून भोवरा आणि धार बघून जाळं कुठे टाकायचं ते ठरवतात. त्यांच्याबरोबर पावसाळा संपल्यावर एखादी सकाळ नदीवर काढा. मासा वेगळा असला तरी पाणी पाहण्याची नजर तीच आहे, आणि माझी नजर तयार झाली ती त्यांच्यातल्याच एका म्हाताऱ्या काकांमुळे.

ट्राउट तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला करून उभा असतो. म्हणून तुम्ही खालून वर सरकायचं, त्याच्या पाठीमागून. वरच्या बाजूने गेलात तर तुमची हालचाल त्याला आधी दिसते, आणि तुमच्या पायाने उठलेला गाळ त्याच्या अंगावर जातो. ऊन पाठीशी असेल तर सावली पाण्यावर पडते, तेवढं बघा. भडक कपडे नकोत. चौघांनी एकाच डोहावर गर्दी करू नका, दोघा-दोघांच्या जोड्या करा आणि एक जोडी दुसरीच्या बरीच वर ठेवा.

टाकायची पद्धत अशी. समजा पंधरा पावलांवर पांढरा गोटा आहे आणि त्याच्या मागे हिरवट शांत पट्टा. स्पिनर, म्हणजे ओढताना पाती फिरणारं धातूचं आमिष, गोट्याच्या दोन-तीन हात वर, थोडा पलीकडे पडला पाहिजे, बरोबर गोट्यावर नव्हे. पडल्यापडल्या रील, म्हणजे दोर गुंडाळायची चकरी, फिरवायला लागा, कारण पाणी तुमच्याकडे येतंय आणि दोर सैल पडतो. प्रवाहापेक्षा किंचित जास्त वेगाने ओढलं तरच स्पिनरची पाती फिरते, आणि ती फिरते आहे हे दांडीच्या टोकाच्या बारीक थरथरीतून हाताला कळतं. थरथर थांबली म्हणजे एक तर वेग कमी पडला किंवा शेवाळ अडकलं. स्पिनर गोट्याच्या बाजूने येऊन शांत पट्ट्याच्या कडेला पोचला की तिथेच तोंड पडतं. मरळ कशी सपकन ओढते, तसं नसतं. टोक एकदा टचकन थांबतं, कधी नुसतं जड होतं. तेवढ्यावर मनगट उचला. हात मागे झटकू नका, ट्राउटचं तोंड मऊ असतं, फाटतं. एका जागी चार-पाच वेळा टाकून काही नाही तर पुढे चला. दिवसभरात दोन-अडीच किलोमीटर चालणं होतं.

सामानाबद्दल तुम्ही मोठी यादी मागितली आहे, पण हलकं सामान हाच त्यातला सार आहे. तुमच्या जाड दोराच्या, मोठ्या माशासाठीच्या दांड्या घरी ठेवा. सहा ते सात फुटांची हलकी स्पिनिंग दांडी, १००० ते २५०० मापाचं रील, त्यावर ४ ते ६ पौंडांचा ताण सोसणारा एकपदरी मोनो दोर, म्हणजे साधारण ०.१८ ते ०.२० मिलिमीटर जाडीचा. स्पिनर शून्य ते दोन नंबरचे, चंदेरी आणि पितळी दोन्ही. तीन ते सात ग्रॅमचे छोटे चमचे, म्हणजे चमच्याच्या आकाराची धातूची आमिषं. स्पिनरने दोराला पीळ पडतो म्हणून सर्वांत लहान स्विव्हेल, म्हणजे गरगर फिरणारी कडी. तीनतोंडी गळ असेल तर तो काढून एकतोंडी लावा आणि त्याच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडने दाबून टाका, सोडायच्या माशाला इजा कमी होते आणि स्वतःच्या बोटातून काढायलाही सोपा. पोलराइज्ड गॉगल मात्र चुकवू नका. पाण्यावरची चकाकी कापली की तळाचे दगड आणि कधी कधी मासाच दिसतो. फ्लाय फिशिंग, म्हणजे किड्यासारख्या हलक्या आमिषाने मासा धरणं, सुंदर आहे, पण दोर हवेत फेकण्याची ती कला शिकल्याशिवाय नेली तर चार दिवस झाडातून दोर सोडवण्यात जातील. चौघांपैकी एकाला आवड असेल तर त्याने तिथल्या जाणकाराकडून एक दिवस शिकावं.

दांड्या रेल्वेत मोडू नयेत म्हणून शेतातल्या ६३ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपाचा तुकडा घ्या, एका तोंडाला पक्कं झाकण, दुसऱ्याला निघणारं, आत जुनं धोतर गुंडाळा. गाठ घट्ट करण्याआधी थुंकीने ओली करा, कोरडी गाठ ओढली की घर्षणाने बारीक दोर तिथेच कमजोर होतो.

आणि सराव. हिमाचलात जाऊन फेकायला शिकू नका. धान कापलेल्या बांधीत घमेलं ठेवा, पंधरा मीटरवर उभं राहा, स्पिनरचा गळ कापून नुसतं वजन बांधा आणि घमेल्यात टाकायला शिका. आधी डोक्यावरून, मग बाजूने खालून, कारण नदीकाठी झाडांच्या फांद्यांखाली डोक्यावरून फेकायला जागाच नसते. तुमचा डिसेंबरचा मोकळा आठवडा याच कामाला लावा. दहापैकी सहा-सात वेळा घमेल्याच्या हातभर अंतरात पडायला लागलं की बोडीवर जाऊन खऱ्या स्पिनरने मरळीवर हात बसवा.

सुरक्षेचं मी पोटतिडकीने सांगतो. दहा अंशाच्या पाण्यात पडलेल्या माणसाचा श्वास पहिल्या मिनिटात आपोआप धापेचा होतो आणि थोड्या वेळात हातपाय ऐकत नाहीत. वैनगंगा पोहून पार करणारा माणूसही तिथे बुडू शकतो. गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका, गोटे शेवाळाने गुळगुळीत असतात, हातात काठी ठेवा, एकट्याने जाऊ नका. तीर्थन लारजीजवळ खाली उतरते त्या भागात जलविद्युत प्रकल्प आहेत, तिथे कोरडं पात्र पाहून आत जायचं नाही. ८ जून २०१४ रोजी लारजीच्या खाली थलौटला ब्यासच्या पात्रात फोटो काढत असलेले हैदराबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे २४ विद्यार्थी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. आपण गोसेखुर्दच्या आसपास राहणारी माणसं आहोत, दरवाजे उघडले की पाणी किती झपाट्याने येतं ते आपल्याला सांगावं लागत नाही. वरच्या भागातही पाणी अचानक गढूळ झालं, त्यातून पानं-काटक्या यायला लागल्या, की हातातला मासा सोडून काठ चढा.

मासा हातात आला तर आधी हात ओले करा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि सोडलेला मासा पुढे बुरशीने मरतो. फोटो पाण्यालगतच काढा, तो अर्ध्या मिनिटात परत पाण्यात गेला पाहिजे. सोडताना तोंड प्रवाहाकडे धरून, तो स्वतः निसटेपर्यंत आधार द्या. खायची इच्छा असेल, आणि तुम्हा चौघांना ती असणारच, तर तिथल्या ट्राउट पाळणाऱ्यांकडून ताजा मासा विकत घ्या. त्याला मसाला कमी लागतो, आपल्या सावजी रश्श्यात घातला तर त्याची चव हरवते. नदीतले सोडून द्या असा माझा आग्रह आहे. परवान्यात ठेवायला मुभा असली तरी एवढ्या लहान नदीत चांगला वाढलेला ब्राउन ट्राउट तयार व्हायला वर्षं लागतात.

आता लगेच करायचं काम एवढंच. चौघांनी धानाचा हिशेब करून मार्च की सप्टेंबर ते ठरवा. मग तिकिटाआधी गुशैनी किंवा बंजारच्या होमस्टेला फोन लावा आणि चार गोष्टी विचारा: त्या आठवड्यात पाणी साधारण कसं असतं, परवाना कोण काढून देतं, हलक्या दांड्या भाड्याने मिळतात का, आणि शिकवणारा माणूस पहिल्या दिवशी मिळेल का. दांड्या मिळत असतील तर पहिल्या वर्षी विकत घेऊच नका, फक्त स्पिनर आणि गॉगल घ्या. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, छत्तीसगड एक्स्प्रेसला गर्दी असते, म्हणून पहिल्याच दिवशी सकाळी तिकिटं काढा. तारीख ठरली की मला कळवा, त्या महिन्याच्या पाण्याला कोणते स्पिनर न्यावेत ते तेव्हा नेमकं सांगतो.